पाण्याबाबतचं पदव्युत्तर मत

सार्वजनिक आरोग्याचं काम करायला सार्वजनिक आरोग्याची पदवी लागते, ही गोष्ट पालिकेच्या आरोग्य विभागाच्या लक्षात यायला तेवीस वर्षं लागली. ती तेवीस वर्षं पाणीवाल्या बाई ते काम करत होत्या, त्यामुळे कोणाचं तिकडे लक्ष गेलं नसावं.

पाणीवाल्या बाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण विभागात, गल्ल्यांमध्ये आणि अलीकडे माहेरीसुद्धा त्यांना याच नावाने ओळखत. सकाळी नळाला पाणी यायच्या वेळी त्या खांद्याला पिशवी अडकवून निघायच्या. पिशवीत निर्जंतुक केलेल्या बाटल्या, स्पिरिटचा बोळा, काडेपेटी आणि थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं का ते दाखवणारी एक काचेची नळी. पिवळं झालं तर पाण्यात औषध आहे. नाही झालं तर बाई तिथूनच तडक टाकीवर जायच्या आणि औषध पडेपर्यंत हलायच्या नाहीत. बाईंनी नुसतं नाकाशी धरून पाणी खराब आहे म्हटलं, की प्रयोगशाळा तीन दिवसांनी तेच म्हणायची, फक्त तीन प्रतींत.

परिपत्रक सोमवारी आलं. 'पाण्याचा नमुना घेण्यास कोणतीही व्यक्ती सक्षम राहील. तथापि सदर पाणी पिण्यायोग्य आहे किंवा कसे, याबाबत मत व्यक्त करण्यास सार्वजनिक आरोग्य विषयातील पदव्युत्तर पदवीधारक व्यक्तीच सक्षम राहील.' दोन वर्षांत ही अर्हता मिळवली नाही, तर कर्मचाऱ्याला आवक-जावक विभागात वर्ग करण्यात येईल, असंही खाली होतं.

बाई परिपत्रक घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब उद्यान विभागातून बढतीवर आरोग्यात आले होते. येताना त्यांनी सात कुंड्या आणल्या होत्या आणि त्या मात्र टवटवीत होत्या.

"साहेब, ही पदवी तुमच्याकडे आहे?" बाईंनी विचारलं.

"मला ती लागू नाही. मी अधिकारी आहे. मत कर्मचाऱ्याने द्यायचं, अधिकाऱ्याने त्याच्याशी सहमत व्हायचं."

"मग ही दोन वर्षं पाण्याबद्दल मत कोण देणार?"

"कोणीच नाही. विभागात एकही पदवीधर नाही. तोवर पाणी आपलं आपण चालेल."

"आणि खराब निघालं तर?"

साहेबांनी पानांवरची धूळ पुसता पुसता वर पाहिलं. "बाई, खराब निघालं हे मतच झालं ना."

आवक-जावक विभाग तळघरात होता. तिथे खिडकी नव्हती आणि नळही नव्हता. बाईंनी त्याच संध्याकाळी प्रवेशअर्ज भरायला घेतला.

विद्यापीठ ऑनलाइन होतं. ते नेमकं कुठे आहे हे संकेतस्थळावर सापडत नव्हतं. 'आम्ही सर्वत्र आहोत' एवढंच लिहिलं होतं आणि त्याखाली घोषवाक्य: 'सार्वजनिक आरोग्य, घरबसल्या.' अर्जात 'अनुभव (वर्षे)' या चौकटीत एकच आकडा मावत होता. तेवीसमधला तीन काही केल्या आत जाईना. बाईंचे यजमान वजनकाटे दुरुस्त करायचे, मापात बसवणं त्यांना सवयीचं होतं. ते म्हणाले, "नऊ लिही. उरलेली चौदा वर्षं तुझ्याकडेच राहू देत."

पुढचा प्रश्न होता, 'सार्वजनिक आरोग्याची ओढ आपणांस प्रथम केव्हा जाणवली? पाचशे शब्दांत लिहा.' बाईंनी लिहिलं, 'नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा.' चौकट लाल झाली आणि चारशे शहाण्णव शब्द कमी पडत असल्याचं तिने नम्रपणे कळवलं. शेवटी यजमानांनी आणि बाईंनी मिळून एक ओढ तयार केली. तिच्यात लहानपण होतं, एक आजारी शेजारीण होती आणि क्षितिज हा शब्द तीनदा होता. प्रवेश मिळाला.

वर्ग संध्याकाळी सहाला भरायचा. प्राध्यापक पुस्तकांच्या कपाटासमोर बसून शिकवत. पहिले चार तास 'पाणी: एक संकल्पना' या विषयावर झाले. पाण्याच्या सात व्याख्या होत्या, त्यांपैकी एकीतही ते ओलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई आपलं स्टूल घेऊन शेजारी येऊन बसल्या. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांच्या मानेला कायमचा पट्टा होता, त्यामुळे त्या नेहमी सरळ समोर बघत. समोर संगणकाचा पडदा ठेवला की तो बघत. "तू भाजी निवड, मी ऐकते," त्या म्हणाल्या, "काही महत्त्वाचं बोलला तर हाक मारीन." चार महिन्यांत त्यांनी एकदाही हाक मारली नाही, पण तास एकही चुकवला नाही. माउस कसा धरायचा, टिंब कुठे करायचं, हात वर केल्याचं चित्र कुठे असतं, हे सगळं त्या बघून बघून शिकल्या. एकदा त्यांनी बाईंना टाइप करायला लावलं, "सरांना विचार, ते स्वतः पाणी उकळून पितात का."

प्राध्यापकांनी प्रश्न मोठ्याने वाचला. मग म्हणाले, "अतिशय मूलगामी प्रश्न. याकडे आपण चौथ्या सत्रात वळू."

"चौथ्या सत्रापर्यंत तहान मरेल," सासूबाई म्हणाल्या.

पहिला स्वाध्याय आला: पाण्याचा नमुना कसा घ्यावा. बाईंनी तो अर्ध्या तासात लिहून टाकला. नळाचं तोंड पुसावं, काडीने शेकावं, दोन मिनिटं पाणी सोडून द्यावं, बाटलीचं झाकण जमिनीवर ठेवू नये. स्वाध्याय परत आला. विद्यापीठाच्या वाङ्मयचौर्यशोधक यंत्रणेला त्यातली चौऱ्याण्णव टक्के वाक्यं दुसरीकडे सापडली होती. मूळ स्रोत होता पालिकेची 'नमुना संकलन मार्गदर्शिका'. ती बाईंनीच अकरा वर्षांपूर्वी लिहिली होती. मुखपृष्ठावर त्या वेळच्या साहेबांचं नाव होतं, ही गोष्ट वेगळी.

बाईंनी मदतकेंद्राला कळवलं, की मूळ मजकूर माझाच आहे. मदतकेंद्राचं उत्तर आलं, 'स्वतःचे शब्द चोरणे हाही गंभीर गैरप्रकार आहे. कृपया आपले म्हणणे आपल्या नसलेल्या शब्दांत मांडावे.' बाईंनी मांडलं. नळाचा 'वितरणबिंदू' झाला, पुसण्याचं 'पृष्ठभागीय पूर्वसंस्करण' झालं, आणि काडेपेटी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. साम्य सहा टक्क्यांवर आलं. प्राध्यापकांनी 'उत्कृष्ट' असा शेरा दिला. बाईंनी तो स्वाध्याय पुन्हा वाचला, आणि आपल्याला नमुना घेता येत नाही अशी त्यांची खात्री पटली.

असं करत करत पावणेदोन वर्षं गेली. उरलं फक्त प्रात्यक्षिक आणि शेवटची परीक्षा.

प्रात्यक्षिक दोनशे चाळीस तासांचं होतं. बाईंना वाटलं, हे तरी आपल्या हातचं आहे. त्यांनी रोजच्या कामाची नोंदवही पाठवून दिली. ती नामंजूर झाली. कारणं दोन होती: एक, सदर काम पदवीधर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली झालेलं नाही, दोन, सदर काम विद्यार्थिनीला आधीपासूनच येतं, त्यामुळे ती काय शिकली ते मोजता येत नाही. त्याऐवजी विद्यापीठाने त्यांना संगणकातलं एक आभासी गाव दिलं. गावात निळ्याशार विहिरी होत्या, गोल डोक्यांची माणसं होती आणि ती विचारलं की खरं सांगायची. या गावात सहा आठवडे, कार्यालयीन वेळेत, सलग हजेरी लागणार होती.

बाईंनी अध्ययन रजा टाकली. साहेबांनी लगेच सही केली.

"माझ्या जागी नमुने कोण घेणार?" बाईंनी विचारलं.

"तुमची रजा मंजूर केली, आता जागेची काळजी जागा करेल," साहेब म्हणाले.

जागेने काही केलं नाही. सहा आठवडे शहरात एकही नमुना घेतला गेला नाही. साहेबांनी वरती अहवाल पाठवला, की सहा आठवड्यांत दूषित पाण्याचा एकही नमुना आढळला नाही. वरून विभागाला अभिनंदनाचं पत्र आलं. ते फ्रेम करून कुंड्यांच्या वर टांगलं गेलं. तिकडे बाईंनी आभासी गावातल्या चाळीस जणांना बरं केलं. बरं झालं की माणूस हिरवा व्हायचा आणि हात हलवायचा.

रजेच्या शेवटच्या दिवशी शेवटची परीक्षा होती. विषय: साथीचा तपास. वेळ तीन तास. परीक्षार्थीवर कॅमेऱ्यातून एक सॉफ्टवेअर नजर ठेवणार होतं. मान वळवायची नाही, बोलायचं नाही, उठायचं नाही, खोलीत दुसरं माणूस नको. सराव परीक्षेत बाईंना एकोणीस ताकिदी मिळाल्या होत्या. इतकी वर्षं गल्लीबोळांत फिरलेल्या बाईचं डोकं एका जागी राहत नव्हतं. "तू बस निवांत, मी आतल्या खोलीत आहे," सासूबाई म्हणाल्या आणि दार लोटून गेल्या. यजमान दुकानात गेले होते.

पहिली चाळीस मिनिटं ओळख पटवण्यात गेली. बाईंनी खोलीचे चारही कोपरे दाखवले, टेबलाच्या खालची बाजू दाखवली, दोन्ही कान दाखवले. उजव्या कानाबद्दल सॉफ्टवेअरला शंका होती, तो पुन्हा दाखवला. मग पडद्यावर पहिला प्रश्न उमटला. तो एकटाच वीस गुणांचा लेखी प्रश्न होता. पुढचे ऐंशी गुण पर्यायी प्रश्नांना होते.

'आपल्या शहरातील एका वस्तीत अचानक जुलाबाचे रुग्ण वाढले आहेत. आपण सर्वप्रथम काय कराल?'

नेमकं त्याच वेळी दार ढकलून फिटर आत आला. हा पालिकेचा फिटर बाईंबरोबर वीस वर्षं नळाच्या चाव्या फिरवत होता. आज बोलायचं नाही हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळे तो पडद्याच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा उभा राहिला आणि खिशातून कागद काढून त्यावर काहीतरी लिहून त्याने वर धरलं.

'टाकीमागची गल्ली. जुलाब, उलट्या. अकरा जण दवाखान्यात.'

बाईंनी भुवया उंचावल्या. 'भुवयांची हालचाल: पहिली ताकीद,' पडद्यावर आलं.

फिटरने कागद उलटा केला आणि लिहिलं, 'पाणी बंद करायचं तर साहेब म्हणतात, पाणी खराब असल्याचं लेखी मत पाहिजे.'

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग प्रश्नाकडे पाहिलं. टाकीमागच्या गल्लीत चौसष्ट घरं. सकाळी भरून ठेवलेलं पाणी आता घराघरातून प्यायलं जात असणार. आवक-जावक विभागाचं तळघरही त्यांच्या डोळ्यांसमोर येऊन गेलं, नाही असं नाही. मग त्यांनी उत्तराच्या चौकटीत एक शब्द लिहिला. 'उठेन.' आणि त्या उठल्या.

टाकीजवळची मोठी चावी दोघांनी मिळून फिरवली. ती गच्च बसली होती. पाणी बंद झाल्यावर पाच मिनिटांत साहेबांचा फोन आला.

"बाई, कोणाच्या मताने बंद केलंत?"

"मत दिलेलं नाही साहेब. चावी फिरवली आहे. चावी फिरवायला अर्हता लागते असं परिपत्रकात नाही."

साहेब परिपत्रक शोधायला गेले. ते सापडेपर्यंत बाईंनी गल्लीत घरोघरी जाऊन भरलेली भांडी ओतायला लावली, टँकर मागवला, दोन नर्स बसवल्या आणि मीठसाखरेच्या पाण्याचं माप सगळ्यांना तोंडपाठ करून घेतलं. अकराचे सतरा झाले आणि सतरावर थांबले. संध्याकाळी त्या दवाखान्यात गेल्या. तिथे गल्लीतल्या एका सुताराची आई सलाइन लावून पडली होती. म्हातारीने डोळे उघडून बाईंचा हात धरला आणि क्षीण आवाजात विचारलं, "दीड महिना दिसला नाहीत बाई. कुठे गेला होता?"

बाईंनी तिची चादर सारखी केली. "गावाला," त्या म्हणाल्या.

"सगळे बरे आहेत ना तिकडे?"

"हो," बाई म्हणाल्या. "तिकडे सगळे हिरवेगार आहेत." आणि मग त्यांना तिथे थांबवेना.

घरी आल्या तेव्हा सासूबाई संगणकासमोरच्या खुर्चीत ताठ बसलेल्या होत्या. पडद्यावर लिहिलं होतं, 'अभिनंदन. आपली परीक्षा यशस्वीरीत्या सादर झाली आहे.'

"आई, हे काय?"

"तू गेलीस आणि यातून आवाज आला. म्हणाला, तीस सेकंदांत चौकटीत परत या. घरात माझ्याशिवाय होतं कोण? मग मी आले."

"अहो, पण तो मला म्हणत होता."

"नाव घेऊन नाही म्हणाला. मी बसले तर गप्प झाला. मग एकेक प्रश्न येऊ लागले. चार-चार उत्तरं, एकावर टिंब करायचं. नुसतं बसून काय करायचं म्हणून केली टिंबं. बरेचसे आपले पहिल्या सत्रातलेच होते." सासूबाईंनी पट्टा जरा सैल केला. "पाण्याच्या व्याख्येवर तीन होते. तो माणूस त्या व्याख्या सोडायला तयार नाही."

सतराही जण आठवड्याभरात घरी परतले. त्याच आठवड्यात निकाल लागला. लेखी प्रश्नाला वीसपैकी शून्य. शेरा: 'उत्तर अपुरे. समिती स्थापन करण्याचा उल्लेख नाही. शुद्धलेखन अचूक.' पर्यायी प्रश्नांना ऐंशीपैकी अडुसष्ट. एकूण अडुसष्ट, प्रथम श्रेणी. शिवाय वर्तनाबद्दल वेगळं प्रशस्तिपत्र होतं: 'परीक्षार्थीने संपूर्ण परीक्षेत एकदाही मान वळवली नाही. विद्यापीठाच्या इतिहासात हे प्रथमच घडत आहे.'

बाईंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विद्यापीठाला सविस्तर पत्र लिहिलं: परीक्षा मी अर्धवट सोडून गेले, पुढची माझ्या सासूबाईंनी दिली, निकाल रद्द करून मला पुन्हा बसू द्यावं. पत्र तक्रार कक्षाकडे गेलं. तिथून अर्ज आला. अर्जात 'तक्रारदाराचे नाव' आणि 'ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे नाव' अशा दोन चौकटी होत्या. बाईंनी दोन्हींत स्वतःचं नाव लिहिलं. अर्ज लाल झाला. एकच व्यक्ती दोन्हीकडे चालत नव्हती.

बाईंनी फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"मॅडम, आम्ही चित्रफीत तपासली. सॉफ्टवेअरच्या म्हणण्याप्रमाणे परीक्षार्थी पूर्ण वेळ उपस्थित होत्या."

"अगं, त्या माझ्या सासूबाई आहेत. त्यांचे केस पांढरे आहेत. मानेला पट्टा आहे."

"केसांच्या रंगावरून भेदभाव करण्याची आमची पद्धत नाही, मॅडम."

"मग मला पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर?"

"ती फक्त नापासांना देता येते. आपण उत्तीर्ण आहात." मुलीने आवाज खाली आणला. "आणि एक सांगते. आपण आमच्या एका आदर्श विद्यार्थिनीवर सारखे आरोप करताय. त्यांनी मनावर घेतलं तर आपल्यावर कारवाई होऊ शकते."

बाईंनी फोन ठेवला. सासूबाई स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या.

"आई, मला हे पटत नाही," बाई म्हणाल्या.

"पटायचं काय त्यात? खरा प्रश्न एकच होता, तो तू जाऊन सोडवून आलीस. राहिले ते टिंबं करायचे, ते मी केले." सासूबाई उठल्या आणि स्टूल भिंतीला लावायला लागल्या. "कागद तुझ्या नावावर असू दे. मला कुठे या वयात नोकरी करायची आहे? फक्त तो टोपी घातलेला फोटो काढतात ना, तो दोघींचा काढू."

फोटो काढला. टोपी सासूबाईंनी घातली, कारण ती त्यांच्याच डोक्यावर नीट बसत होती.

पदवी नस्तीला लागली आणि बाई मत व्यक्त करण्यास सक्षम झाल्या. साहेबांनी गुलाबाचं एक कलम देऊन सत्कार केला आणि पहिलंच काम हातात दिलं. साथीनंतर टाकीमागच्या गल्लीत फुटकी सापडलेली वाहिनी केव्हाच बदलली होती, तरी सकाळी सहा ते नऊचं पाणी अजून खराब येत होतं. दुपारी टँकरचं पाणी चांगलं, टाकीतलं चांगलं, फक्त गल्लीतलं, आणि तेही सुटण्याच्या वेळेपुरतंच खराब. आता लेखी मत पाहिजे होतं, कारणासकट.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता बाई आणि फिटर गल्लीत पोचले. पाणी सुटलं. फिटर उकिडवा बसला, त्याने जमिनीला हात लावला आणि म्हणाला, "बाई, फरशी थरथरतेय."

कारण उघड होतं. घराघरात नळाला मोटारी लावल्या होत्या. सगळ्या एकदम चालू झाल्या, की वाहिनी रिकामी पडत होती आणि शेजारच्या गटारातलं पाणी सांध्यांतून आत ओढलं जात होतं. बाईंनी वही काढली आणि पहिलं दार वाजवलं. गृहस्थ हसतमुख होते. त्यांनी आधी पदवीबद्दल अभिनंदन केलं.

"तुमच्याकडे नळाला मोटार आहे का?"

"छे हो. असली कामं आम्ही करत नाही. त्यानेच तर साथ येते," गृहस्थ म्हणाले. मग शेजारच्या दाराकडे हनुवटीने खूण करत कुजबुजले, "त्यांच्याकडे आहे."

शेजारच्या दारातल्या मास्तरीणबाईंनी कानावर हात ठेवले. त्यांच्या घरातून घरघर ऐकू येत होती. "तो आमचा मिक्सर," त्या म्हणाल्या. "मोटार पलीकडे आहे. आणि अलीकडेही." तिसऱ्या घरात घरघर उलट्या टोपलीखालून येत होती, आणि टोपली हळूहळू सरकत होती. त्या घरातले काका टोपलीवर पाय ठेवून उभे राहिले आणि स्वच्छ पाणी हा कसा प्रत्येकाचा हक्क आहे यावर दहा मिनिटं बोलले. ज्यांची माणसं सलाइनवर पडून आली होती, तेही हेच म्हणाले. सुतार तर गहिवरला. "बाई, तुम्ही माझ्या आईला वाचवलंत. तुमच्यापाशी खोटं बोलेन का?" आत काहीतरी घरघरत होतं. म्हातारी पडल्यापडल्या भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन राहिली.

बाईंनी प्रत्येकाकडून लिहून आणि सही करून घेतलं. चौसष्ट घरं झाली. मग त्यांनी फिटरला खूण केली. मोटारींचा संशय बाईंना होताच, म्हणून वीजवाल्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी गल्लीचा पुरवठा दहा मिनिटांसाठी बंद केला.

घरघर थांबली. गल्लीच्या अगदी टोकाला एक सार्वजनिक नळ होता, त्याला चार वर्षांत पाणी आलं नव्हतं. तो आधी खाकरला, मग गंजाचं लाल पाणी ओकला, आणि मग धो धो वाहू लागला. बाईंनी तो पुसला, शेकला, दोन मिनिटं सोडून दिला आणि नळीत थेंब टाकला. पाणी पिवळं झालं.

तेवढ्यात चौसष्ट दारं उघडली. सगळे बादल्या घेऊन बाहेर आले होते.

"बाई, हे काय चाललंय?" पहिल्या घरातले गृहस्थ म्हणाले. "लाइट गेली आणि घरातलं पाणी बंद झालं."

"लाइटचा आणि नळाच्या पाण्याचा काय संबंध?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या बादलीत डोकावून पाहिलं. टोकाचा नळ तेवढा वाहत होता. शेवटी मास्तरीणबाई म्हणाल्या, "शेजाऱ्यांचा असेल काहीतरी."

बाईंनी कार्यालयात येऊन आपलं पहिलं पदव्युत्तर मत लिहिलं. सदर पाणी पिण्यायोग्य नाही. कारण: नळांना लावलेल्या चौसष्ट मोटारी. सोबत रहिवाशांची स्वहस्ते लिहिलेली निवेदनं जोडली. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि ते गोंधळले.

"बाई, यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येकाच्या शेजाऱ्याकडे मोटार आहे. आणि यांच्याच म्हणण्याप्रमाणे एकाच्याही घरी नाही. मी सहमत कशाशी होऊ?"

"दोन्हींशी व्हा साहेब," बाई म्हणाल्या. "तेही सगळे दोन्हींशी सहमत आहेत."

साहेबांनी सही केली. त्यानंतर दर सोमवारी बाई आणि फिटर एकेका गल्लीत सकाळी सहाला जातात, जमिनीला हात लावतात आणि दार वाजवतात. शहरातल्या निम्म्या गल्ल्या झाल्या आहेत. तुमच्या गल्लीत त्या अजून आलेल्या नाहीत, आणि आल्या तरी तुम्हाला कसली चिंता? तुमच्याकडे मोटार नाहीच, हे बघताक्षणी कळतं. तुम्ही फक्त शेजाऱ्यांचं नाव नीट अक्षरात लिहून ठेवा.